डोंग्याला मारलेली म्हशीची गाठ

माझं माहेर मंगरूळपीरकडचं, म्हशींच्या घरातलं. चालता येऊ लागलं तेव्हापासून मी जनावरं बांधत आले. आमच्याकडे खुंट्याला मारायची एक गाठ होती. म्हैस जितकी ओढेल तितकी ती आवळत जायची. माझ्या गाठीतून एकही म्हैस कधी सुटली नाही, आणि या गोष्टीचा तोरा मी सासरीही सोबत घेऊन आले.

सासर पैनगंगेच्या काठावर. घर अलीकडे आणि भाजीचा मळा पलीकडे. पलीकडे निजामाची मोगलाई लागायची, पण वांग्या-मिरच्यांना त्याचं काय! उन्हाळ्यात नदीतून चालत जायचं आणि पावसाळ्याचे चार महिने डोंग्यातून, म्हणजे आमच्या लहानशा लाकडी होडीतून. डोंगा नाही तर मळा नाही, इतकं ते सरळ होतं. घरात आम्ही तिघंच: सासरे, नवरा आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची.

डोंगा वल्हवायचा माझा नवरा, बांधायचे मात्र मामाजी. त्यात ते कुणालाही हात लावू देत नसत. मला सुरुवातीला हसू यायचं. बांधण्यात असं काय मोठं? पण नदी एका जागी राहते कुठं! वरच्या अंगाला पाऊस झाला की इथं लख्ख ऊन असताना पाणी हात-दोन हात चढायचं, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट उतरायचं. चढलं की दोर सैल सोडायचा, खुंटा बुडायच्या आत उपटून वर ठोकायचा. उतरलं की डोंगा पाण्यामागे खाली ढकलायचा, नाहीतर तो चिखलात बसून राहायचा आणि उन्हानं त्याचं लाकूड तडकायचं. मामाजी पाण्याच्या कडेला एक काडी रोवून ठेवत आणि भरल्या ताटावरून उठून ती बघून येत. मी भाकरी झाकून ठेवायची आणि मनात चडफडायची.

त्यांचा पुढचा दोर खुंट्याला असे, नुसते दोन वेढे आणि एका हिसक्यात सुटणारा फास. मागचा दोर लांबलचक, वर जांभळाच्या झाडाला बांधलेला. तो गवतात लोळत पडायचा. मला तो पसारा बघवेना. एकदा गुंडाळायला गेले तर ओरडले, "राहू दे थो! काहून हात लावून राह्यली? कामाचा हाय."

लग्नानंतरच्या पहिल्याच भादव्यात मामाजींना हिवताप आला. नवरा भाजीची गाडी घेऊन वाशीमच्या बाजाराला गेला होता. दुपारी मामाजी घोंगडीतूनच म्हणाले, "पोरी, पानी चढून राह्यलं असंन. जाय, पुढचा दोर सैल करून ये."

मी गेले. दोर सैल केला तर डोंगा इकडून तिकडे हेलकावे खायला लागला. मला ते काही पटेना. ताप आलेल्या माणसाचं बोलणं, त्याचं काय घेऊन बसायचं! मी दोर ओढून आखूड केला आणि खुंट्याला माझी म्हशीची गाठ मारली. वरून आणखी एक. डोंगा जागचा हलेना. घरी येऊन मी ऐटीत सांगितलं, "बांधला मामाजी, एकदम पक्का." त्यांना तोवर झोप लागली होती.

दिवस कलायच्या सुमाराला घागर घेऊन नदीवर गेले, तर काडी दिसेना. खुंटाही दिसेना. पाणी कमरेइतकं चढलं होतं आणि डोंग्याला त्याच्याबरोबर वर यायचं होतं, पण माझी गाठ त्याचं नाक खाली दाबून बसली होती. डोंग्याच्या पुढच्या कडेवरून पाणी आत शिरत होतं. मी पाण्यात उतरून गाठ चाचपली. भिजलेला दोर दगड झाला होता. नखं तुटली, गाठ ढिली होईना. मी रडतच घराकडे धावले.

मामाजी घोंगडीसकट उठून आले, हातात विळा. काठावर येऊन त्यांनी एकदाच पाहिलं आणि विळा माझ्या हातात दिला.

"काप."

"कापला तं डोंगा वाहून जाईन, मामाजी!"

"नाइ कापला तं बुडन. काप तू. मांगचा दोर हाय ना."

मी डोळे मिटून कापला. डोंग्याचं नाक एकदम वर उसळलं, तो प्रवाहात गरकन फिरला आणि खाली निघाला. गवतात लोळणारा तो लांब दोर सरसरत गेला, ताठ झाला. जांभूळ मुळापासून हादरलं. मग डोंगा हळूहळू काठाला येऊन टेकला, अर्धा भरलेला. मी घागरीनं पाणी उपसत राहिले आणि मामाजी थरथरत दोर धरून उभे राहिले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि खुंटा उघडा पडला. त्यावर माझी गाठ तशीच, खाली कापलेल्या दोराचं टोक लोंबतंय. नेमका त्याच सकाळी नवरा परतला. त्यानं खुंटा पाहिला आणि अंगणात येऊन विचारलं, "हे गाठ कोनं मारली?"

माझे हात पिठात होते. तोंड उघडलं, तेवढ्यात ओट्यावरून मामाजी बोलले, "म्या मारली. तापात होतो, समजलं नाइ."

नवरा रागानं लाल झाला. "बाबा, उमर झाली तुमची. आता डोंग्याले हात लावू नोका."

"बरं," मामाजी म्हणाले.

मी भाकरी थापत राहिले.

गावात ते पसरलं. पारावर लोक विचारायचे, "काय बुढेबुवा, म्हशीनं दूध किती देल्लं?" मामाजी त्यांच्याबरोबर हसायचे. उभा जन्म डोंगा राखलेला माणूस, पण त्यानंतर त्यांनी त्याच्या दोराला हात लावला नाही. ओट्यावर बसून नदीकडे बघायचे. पाणी चढलं आणि नवरा घरी नसला की हळूच म्हणायचे, "जाय पोरी, सैल करून ये." मी धावत जायची. दोन वेढे, एक फास. परत आले की विचारायचे, "मांगचा दोर पाह्यला?" मी म्हणायची, "पाह्यला." एवढंच बोलणं.

असे तीन पावसाळे गेले आणि मामाजी गेले. नवऱ्याबरोबर मी पुढे सगळा संसार केला, त्याला सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. बुढ्याला शेवटी डोंगा बांधता येत नव्हता, असंच तो लोकांना सांगायचा. आता तोही नाही. ती गाठ माझी होती.