हरणाचा वाटा

काल बाल्कनीत तंबूचा ओला दोर वाळत घातला. त्याच्या वासाने जपानातला, नागोयाजवळचा तो डोंगर आठवला, आणि पुन्हा डोकं तापलं.

ऑफिसातल्या मोरी-साननी हरीण मारलं होतं. निसरड्या दगडांवरून, बांबूच्या गचपणातून आम्ही चौघांनी ते ओल्या दोराने खाली ओढत आणलं. माझे तळहात सोलून निघाले.

पायथ्याशी वाटे पडले. कुत्र्यालाही बरगडी मिळाली. माझ्या हातात मात्र मोरी-साननी कौतुकाने कोबीचा गड्डा ठेवला.

"तुम्ही भारतीय, म्हणजे शाकाहारी. मी लक्षात ठेवलं होतं!"

कोल्हापूरच्या माणसाला कोबी! आणि मी वाकून आभार मानले.

बायको अजून म्हणते, "अरे, मागायचास ना वाटा!"

का मागायचा? कुत्र्याने मागितला होता?