अण्णा फोटोतून पुसले गेले

मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला एका बोटानं नाहीसं केलं आणि त्याबद्दल मला पहिला नंबर मिळाला.

झालं असं. आमच्या संतपुरात बियाणांचा एक दुकानदार दर पाडव्याला कॅलेंडर वाटतो. त्यावर गावातल्या सगळ्यात देखण्या शेताचा फोटो असतो. गेल्या साली आमच्या चुलतभावाचं, बालाजीचं शेत झळकलं आणि अण्णांचं जेवणावरचं मनच उडालं! ते कॅलेंडर त्यांनी भिंतीकडं तोंड करून टांगलं. वर्षभर तारीख बघायला वैनी शेजारी जायच्या. (दोनदा त्यांची चतुर्थी चुकली. तेही बालाजीच्याच नावावर!)

"औंदा आपलं शेत लागाय पायजे," अण्णांनी मला बजावलं. "मास्तर हायस, एवढा भारी फोन घेतलास. कामून घेतलास मग?"

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्याकडं अख्खं घर शेतात जेवायला जातं. फोटो तेव्हाच काढायचं ठरलं. मी लांब ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलो, एक डोळा मिटला, फोन आडवा धरला. खालून अण्णा काहीतरी म्हणाले. मी "व्हय, व्हय" म्हणालो. कलावंत कामात असला की ऐकत नसतो!

रविवारी फोटो सुधारायला बसलो. चष्मा सापडत नव्हता, पण अंगात उत्साह मावत नव्हता. डावीकडून कातरला, विजेचा खांब गेला. उजवीकडून कातरला, बालाजीचा पत्र्याचा गोठा गेला. (केवढं समाधान!) आभाळ निळं केलं, ज्वारी हिरवीगार केली. आता एकच गोष्ट डोळ्यात खुपत होती. ऐन मधोमध, कणसांवर हात पसरून उभं असलेलं पांढरं बुजगावणं. बोट फिरवलं. गेलं! फोननं त्या जागी ज्वारीसुद्धा पेरून दिली.

आणि आमचा फोटो लागला! पाडव्याला अण्णांनी मुद्दाम बालाजीला घरी बोलावलं, त्याच्या तोंडात पेढा कोंबला आणि त्याच्यासमोर कॅलेंडर उलगडलं. बघतायत, बघतायत. मग कॅलेंडर नाकाला लावलं.

"म्या कुठाय?"

"कुठं म्हणजे?" मी म्हणालो.

"आरं, ज्वारीत मधोमध उभारलो होतो की! इस्तरीचं धोतर नेसून, हात पसरून, हे समदं आमचं म्हणून! तुला सांगून गेलो, तू व्हय म्हणलास!"

"अण्णा... ते तुमी होताव? मला वाटलं..."

"काय वाटलं?"

सांगावंच लागलं. वैनींनी तोंडात पदर कोंबला. बालाजी तर भिंतीला धरून खालीच बसला. "तरीच! औंदा पाखरं कमी कामून आली म्हणलं!"

अण्णांनी चपला घातल्या आणि ते निघून गेले. मला रडूच आलं. सगळी खटपट ज्याच्यासाठी केली, त्यालाच मी पुसून टाकलं होतं.

दुपारी अण्णा औरादच्या फोटो स्टुडिओतून परतले ते खिशात स्वतःच्या पासपोर्ट फोटोंची चळत घेऊन. डोळे वटारलेले, गळ्याचं बटण लावलेलं. एका हातात भाताची वाटी, मागं वैनी, आणि निघाले घरोघरी! शितं लावून प्रत्येक कॅलेंडरच्या खालच्या कोपऱ्यात अण्णा चिकटले. बालाजीच्या घरी तर दोनदा चिकटले.

आता त्याच कोपऱ्यात बारीक अक्षरात 'छायाचित्रकार' म्हणून माझं नाव होतं. ते अण्णांच्या खाली गाडलं गेलं. महिनाभरात गावाचं ठाम मत झालं की फोटो अण्णांनीच काढलाय. माझ्याच शाळेतले सहकारी मला म्हणाले, "गुरुजी, अण्णांचा हात बसलाय बगा. जरा शिकून घ्या."

परवा खुद्द बालाजी आला. "अण्णा, पुढल्या येळवशीला माझ्या शेताचा फोटो तुमीच काढा."

"काढू की," अण्णा मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "पण मधी बुजगावणं लागतंय. ह्याला उभं करू."

मी धोतर इस्तरीला टाकलंय.