महागड्या सिमवरची जपमाळ

आई सांडोरला, केळीच्या वाडीतल्या घरी एकटी राहते. मी बायको-मुलीसह चंदनसारला, फ्लॅटमध्ये. दर रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला जातो, तेव्हा भेट होते. बाकीचे दिवस संध्याकाळी फोनवर जपमाळ म्हणतो. आमच्याकडे एकाने प्रार्थनेचा पहिला भाग म्हणायचा आणि दुसऱ्याने उरलेला. वडील होते तोवर सुरुवात ते करत. ते गेल्यावर आई एकटीच दोन्ही भाग म्हणू लागली. ते ऐकवेना, म्हणून मी फोनवरून वडिलांची जागा घेतली.

आईचं सिम स्वस्तातलं होतं. मधेच आवाज तुटायचा, कधी फोनच कट व्हायचा. मी स्वतः ऑफिसच्या नावाखाली महागड्या कंपनीचा प्लॅन वापरत होतो आणि आईला मात्र स्वस्तातलं घेऊन दिलं होतं. हे मनाला लागून राहिलं होतं. शेवटी तिचा नंबरही त्याच कंपनीत पोर्ट केला.

"एवढे पैसे कशाला घालवायचे? मी बोलते कुणाशी? तुझ्याशी आणि देवाशी," आई म्हणाली.

"आता एक शब्दही तुटणार नाही बघ."

खरंच तुटला नाही. पहिल्या संध्याकाळी तिच्या घरातल्या पंख्याची घरघरसुद्धा ऐकू आली. मी खुश झालो. जपमाळेच्या पाच टप्प्यांपैकी, म्हणजे रहस्यांपैकी, तिसऱ्यापर्यंत छान चाललं. मग आईने आपला भाग म्हटला आणि ती थांबली.

"टकटक कसली रे?"

माझी बोटं लॅपटॉपवर होती. ऑफिसच्या मेलला उत्तर लिहीत होतो. आज पहिल्यांदाच नव्हे. कित्येक संध्याकाळी तोंडाने प्रार्थना आणि हाताने मेल, असं माझं चालायचं. जुन्या लाइनवर ती टकटक पोचतच नव्हती.

"काम करतोयस ना? कर. मी एकटी म्हणते."

ती रागावली असती तर परवडलं असतं. मी लॅपटॉप बंद केला, माफी मागितली. उरलेली रहस्यं आम्ही म्हटली, पण तिचा आवाज मला चोरी पकडली गेलेल्या मुलासारखा वाटत होता, जणू चूक तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी फोनवर तिनेच विषय काढला. "ते जुनं सिम परत घालून दे मला."

"का? ऐकू येत नाही नीट?"

"जास्तच येतं. जुन्यात तुझं अर्धंच ऐकू यायचं. उरलेलं चांगलंच असेल, असं मी धरून चालायचे."

घरात बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, कारण फोन स्पीकरवर होता. मी फोन उचलला, बाल्कनीत खुर्ची ओढली, आत लॅपटॉप तसाच ठेवला.

"सिम राहू दे, आई. मी बाल्कनीत बसलोय. हातात काही नाही."

"जपमाळ तरी आहे का?"

नव्हती. आत जाऊन मुलीच्या टेबलाच्या खणातून तिला प्रथम कम्युनियनच्या विधीत मिळालेली शुभ्र मण्यांची माळ आणली. महागड्या प्लॅनला एवढे पैसे द्यावेत का, असं ऑफिसात कुणी विचारलं तर मी अजूनही नीट उत्तर देऊ शकत नाही. पण भरतो.

"आणली. सुरू करू?"

"थांब. तुमच्याकडे कुकर लावलाय वाटतं. शिट्टी होऊ दे, मग कर."

आम्ही दोघंही शिट्टीची वाट बघत बसलो.