माया न ठेवणाऱ्या खाला

आमच्या खाला ब्लाउजात माया ठेवत नसत. जुळे सोलापुरातले झाडून सगळे टेलर शिवणीच्या आत इंचभर जास्तीचं कापड राखतात. बाई अंगानं सुटली की उसवायचं आणि सैल करायचं. त्या राखलेल्या कापडाला माया म्हणतात, हे बायकांना सांगायला नको. पुरुषांनी घरात विचारावं. खाला मात्र कात्री उचलायच्या आणि म्हणायच्या, "माया ठेवली की तुमी तितपर्यंत पोचणारच, टीचर. जागा दिसली की माणूस पसरतंय."

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्यांचं मशीन होतं. खाला म्हणजे मावशी, सगळी बिल्डिंग त्यांना तसंच म्हणायची. साठी गाठलेली, भक्कम हाडाची बाई, गळ्यात कायम टेप. मी पहिल्यांदा गेले ती पुतण्याच्या लग्नाचा ब्लाउज शिवायला. माप घेताना मी सवयीनं पोट आत ओढलं. "पोट सोडा. टेपला फसवून काय मिळायलंय?" मी भडकलेच. शाळेत पन्नास पोरांना गप्प बसवणारी मी, मला ही कोण शिकवणार! "खाला, तुम्ही शिवायचं बघा," असं ठणकावून घरी आले. पण झोंबलं होतं. कारण माझा रिपोर्ट मी महिनाभर कपाटातल्या कागदाखाली दडवून ठेवला होता. साखर काठावर आली होती. साखरेनं माझ्या आईचा पाय घोट्यापासून गेला, तो मी डोळ्यांनी पाहिलाय. तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं खाली गेले आणि खालांना सगळं सांगितलं. त्यांनी तोंडातली टाचणी काढली. "हौ. उद्या सकाळी साडेपाचला. चप्पल नको, बूट घालून या."

पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि यायचं. त्या माझ्या डाव्या हाताला असायच्या, रस्त्याच्या बाजूला. मला भूक लई, हे त्यांनी चार दिवसांत ओळखलं. "भूक आली की लगेच दार उघडू नका. दोनदा कडी वाजवू द्या. खरी असली तर थांबती, नाहीतर जाती निघून." रमजानचे रोजे जन्मभर धरलेल्या बाईशी भुकेवर वाद कोण घालणार? संध्याकाळी त्यांनी मला पोळी बंद करून ज्वारीची कडक भाकरी लावली. एकच, वाटीभर वरणाबरोबर. "मऊ खाल्लं की हिशोब राहत न्हाय. कडक चावता चावता दात दमतेत, तितं थांबायचं." शेंगापोळी दिसली की माझा जीव वरखाली व्हायचा, पण खालच्या मशीनचा आवाज ऐकू आला की हात आपोआप मागे यायचा. वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. दर एक तारखेला टेप लावायच्या आणि आकडा न सांगता नुसतं "हं" म्हणायच्या. वर्षभरात माझी कंबर चार इंच उतरली, साखर काठावरून मागे सरकली. डॉक्टरांनी शाबासकी दिली, मी ती घेऊन धावत खाली आले, तर म्हणाल्या, "नाचू नका. उद्या साडेपाच."

मग खाला बारीक व्हायला लागल्या.

आधी गाल उतरले, मग मनगटं. स्वतःचे कुर्ते त्यांनी दोनदा आत घेतले. आणि मी काय केलं? मी जळले! माझ्या पुढे गेली की ही बाई, म्हणून. एकदा तर बिल्डिंगच्या चार बायकांसमोर टाळी वाजवून म्हणाले, "मानलं खाला! काय करता सांगा की आम्हाला पण!" त्या म्हणाल्या, "काय न्हाय टीचर. संध्याकाळचं सोडलंय." मी त्यांना मशीनशेजारी उभं करून आमचा दोघींचा फोटो काढला आणि शाळेच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'जिद्द असावी तर अशी'. चाळीस अंगठे आले.

त्यानंतर त्यांनी मला एक हिरवा ब्लाउज शिवून दिला, न मागता. "सावकाश वापरा," एवढंच म्हणाल्या. चालताना आता टाकीच्या अलीकडेच बसायच्या आणि मला हातानं पुढे पिटाळायच्या. मला वाटलं, कंटाळल्या. एका सोमवारी आल्या नाहीत. पुढच्या सोमवारी त्या राहिल्याच नव्हत्या.

पोटात गाठ होती. घरात सहा महिन्यांपासून ठाऊक होतं. त्यांची सून शबाना मला दारातच म्हणाली, "अन्न उतरतच नव्हतं, टीचर. मी तुम्हाला सांगणार होते. अम्मी म्हणाल्या, नक्को. टीचर चालायचं सोडतील."

सोडलंच मी. सात-आठ महिने मऊ ते सगळं खाल्लं. तो फोटो मात्र पुसता आला नाही. त्यात मी दात काढून हसतेय आणि खालांनी मशीनची कड घट्ट धरलीय. हे मला तेव्हा दिसलं नाही! रोज त्यांच्याबरोबर चालणाऱ्या मला! आता कुणी बारीक झालेलं दिसलं की माझ्या तोंडून कौतुक निघत नाही. "बरं आहे ना?" असं विचारते. लोक रागावतात. रागावू देत.

परवा तो हिरवा ब्लाउज घालायला काढला, तर अर्ध्या दंडातच अडकला. चौकातल्या नव्या टेलरकडे नेला. म्हटलं, "सैल होणार नाही बहुतेक, शिवणारीला माया ठेवायची सवय नव्हती." त्यानं उलटा केला, शिवण चाचपली, एक टाका उसवला. "कोण म्हणतंय मॅडम? दोन्ही बाजूला दीड-दीड इंच आहे की. एवढी माया कुणी ठेवत नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसले. रडताना पोट आत ओढायचं भान राहत नाही. आपण गेल्यावर ही बाई सुटणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि रागावल्या नव्हत्या.

"उसवू ना?" टेलरनं विचारलं.

"नको. तो टाका परत घाला."

"मग अंगात कसा जाईल?"

"जाईल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी बूट घालून खाली उतरले. रस्ता मोकळा होता, तरी मी उजव्या कडेनंच चालले, डाव्या हाताची जागा सोडून.