मीटरवर चाळीस होतं

एक गोष्ट मले आमच्या ह्याइले सांगाची होती. सांगतली नाही. बोलाले गेली का दम लागते, मनून लिहून राह्यली. शाळा सातवीपर्यंतच झाली, चुकलं तं चुकलं.

हे जीप चालवत. जुनीच, पन चारी चाकं जोर लावे, चिखलातूनबी निंघे. एक दिवस म्हने, "घाटावर भाडं लागलं, तीन-चार महिन्याचं." आमचं मलकापूर घाटाखाली, माहं माहेर मेहकर घाटावर. मले वाटलं, मले अन् पोरीले आईजवळ ठेवतीन. मी पिशवी भरली, आठ महिन्याची पोरगी कडेवर घेतली अन् ह्याइच्या संगं जीपमंधी बसली.

गाडी पयले टायरच्या दुकानात गेली. जुने टायर काढले अन् नवे आनले, एवढाले! पोरीले बाजूले उभं केलं तं टायरच उंच. चाक वळवलं का पत्र्याले घासे, तं दुकानवाल्या चाचानं पत्राच कापला. हे चहा प्याले गेले.

चाचा म्हने, "बेटी, पिशवी घेऊन कोठी चालली?"

"घाटावर. मेहकरले."

तो हसला. "मेहकरले जायले असे टायर कायले लागते वो? गाडी लद्दाखले चालली ना! आदमीले सास घ्याले हवा पुरत नाही तिकडं."

चाचा बोलतच होता, नट कसत कसत. "त्याले याद करून सांगजो, मी इसरीन. चाक मोठं झालं, आता मीटर खोटं बोलीन. काटा चाळीस दाखवीन तवा गाडी पंचेचाळीसच्या वर पळीन. उतारावर काट्याच्या भरोशावर राहू नको मनावं."

मी मान हालवली. आयकलं सारं. डोळे भरून आले होते, पन आयकलं.

हे आले तं मी इचारलं, "घाटावर चालले ना तुमी?"

"तोबी घाटच हाये वं. जरासा उंच हाये."

"अन् मी?"

"तुले मेहकरची बस हाये ना!"

चाचाबी हसला, हेबी हसले. मी पोरगी उचलून जीपमंधी बसली. स्टँडवर सोडलं, पिशवी बसमंधी ठेवली, पोरीचा गाल ओढला. "बोल ना वं काही," म्हने. मी तोंड फिरवलं.

तिकडून पयला फोन आला तो मी उचललाच नाही. दुसरा उचलला. ह्याइले धाप लागेल होती, एक एक शब्द तोडून बोलत. "पोरगी... कशी हाये?" मी म्हनलं, दात आला. मीटरचं ओठावर आलं होतं. पन मनात म्हनलं, पयले ह्याइनं म्हनावं का खोटं बोललो, चुकलं. मंग सांगीन. तेवढ्यात फोन कटला.

चार दिवसानं उतारावरच्या वळनावर गाडी खाली दरीत गेली.

ह्याइच्या बाजूले बसेल दोस्त तेवढा वाचला. हात गळ्यात बांधून मलकापूरले आमच्या घरी आला, सासूच्या पायाजवळ बसला. "लय सांभाळून चालवे तो, काकू. मी सोता पाह्यलं, काटा चाळीसच्या वर नोता." सासूनं ते धरून ठेवलं. कोनी भेटाले आलं का सांगे, माह्या लेकाची चूक नोती, चाळीसच होतं. ते सांगतलं का तिले घोटभर पानी जाये.

मी आत चुलीजवळ बसून आयको अन् माहा सासच थांबे.

काल राह्यवलं नाही. सासू दाळ निवडत होती. मी बाजूले बसून सारंच सांगून टाकलं, चाचा, काटा, फोन, रुसवा. तिचे हात थांबले. मले वाटलं, आता मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं.

दाळ बाजूले सारून म्हने, "हे कोनाले सांगू नको."

दिवस बुडता शेजारची म्हातारी आली. सासूनं तिले बसवलं अन् म्हने, "चाळीसच होतं वो बाई. चाळीसच." पन या बारीले तिनं पानी घेतलं नाही.