चहाच्या आधी

हरमलला पर्यटकांना भाड्याने देतो त्या आमच्या चार खोल्या आता बंद करायचं ठरलं आहे. तिथलं सगळं बघणाऱ्या सुमतीबाईंना 'पुढच्या महिन्यापासून काम नाही' असा निरोप मी आज सकाळी मोबाइलवर लिहीत बसले आणि गॅसवरचा चहा उतू गेला. त्या करपट गोड वासाने मला थेट इब्रामपूरच्या आमच्या घरात नेलं.

बाबा डिचोलीच्या एका खाणीवर ट्रक चालवत. एका दुपारी तिथले मॅनेजर बसने आमच्या घरी आले. साहेब आले म्हणून आईने लगबगीने चहा ठेवला. त्यांनी पायरीवर चपला काढल्या, तिथे तांबड्या धुळीचे दोन ठसे उमटले.

"वयनी, चाय आत्ता नको," ते म्हणाले. "आधी माझा ऐका. मगे द्यावीशी वाटली तर द्या."

मग त्यांनी खिशातलं पत्र बाबांच्या हातात दिलं. खाण बंद होत होती.

"पोस्टान धाडूक बरा वाटूक नाय," ते म्हणाले. आत चहा उतू जात होता, पण कुणी उठलं नाही. मला त्या माणसाचा फार राग आला होता.

पत्राची घडी घालून बाबा आईला म्हणाले, "गेली ती चाय. दुसरी ठेव, आलां घाल."

मी निरोप पुसला आणि स्कूटरची चावी घेतली. सुमतीबाई दारातच चहाचं विचारणार. तो आधी घ्यायचा नाही.