बदलीवाला आल्याशिवाय

गटारीच्या दिवशीची गोष्ट. आमचं घर भिवंडीत, धामणकर नाक्याजवळ, खाली लूमचा कारखाना आणि वर आम्ही दोघं. आभाळ इतकं खाली आलेलं की भर दुपारी ट्यूब लावून बसावं लागत होतं...

भूषण, माझा नवरा, भिंतीकडे तोंड करून पडला होता. झोपलेला नाही, नुसता पडलेला. आषाढ लागल्यापासून हे असंच चाललंय.

आम्ही दोघांनी दारू सोडली आहे. हो, दोघांनी. त्याची सुटली तेव्हा घरच्यांनी पेढे वाटले. माझी सुटली ते सासरी कोणाला कळलंच नाही, कारण मी पीत होते हेच कोणाला माहीत नव्हतं. आता हे वाचून कळेल... कळू दे.

दारू सुटल्यावर कळलं की तिच्याखाली आणखी एक दुखणं दबा धरून बसलं होतं. पाऊस रेंगाळला की आम्हा दोघांचंही मन खचत जातं. कारण काही नाही, आणि तेच सगळ्यात वाईट. डॉक्टर म्हणाले, काहींना होतं असं, ऊन मिळत नाही म्हणून. गोळ्या दिल्या आणि सकाळी जमेल तितकं उजेडात बसा म्हणाले. आमच्या खिडकीसमोर गोडाऊनचा पत्रा आणि खाली ट्रकची रांग... डॉक्टरांना काय जातंय सांगायला.

म्हणून आम्ही आमचाच एक नियम केला. भूषणच्या वडिलांचे लूम होते, तो त्या खडखडाटातच वाढलेला. कारखान्यात शिफ्ट संपली तरी पुढच्या पाळीचा बदलीवाला आल्याशिवाय कारागीर लूम सोडून जात नाही. तो म्हणाला, आपणही तसंच करू. एक जण पडला की दुसऱ्याची ड्युटी. दोघांनी एकदम पडायचं नाही.

आधीचे पावसाळे या नियमावर निघाले. यंदा मात्र ड्युटी माझ्याच गळ्यात पडली. त्याला उठवा, गोळी द्या, आंघोळीला ढकला, त्याच्या कामावर फोन करून ताप आलाय म्हणून सांगा... आणि हे सगळं करताना मीही आतून खाली खाली चालले होते, ते सांगणार कोणाला?

त्या दिवशी दिव्यांची अवस म्हणून दिवे घासायला काढले. समईला चिंच लावली आणि पुढे हातच चालेना. तशीच मोरीत बसून राहिले. रडूही येत नव्हतं. एकच विचार डोक्यात, हे असं दर वर्षी? जन्मभर?

तेवढ्यात गावाहून, अंबाडीहून मोठ्या दिरांचा फोन आला. "दोघा या जेवाला. भूषणला कोन पाजनार न्हाय, पन मटन तं खाल? वर्साचा सन हाय."

मी येते म्हणाले. मटणासाठी नाही. तिथे मागच्या पडवीत बाटल्या कुठे असतात ते मला ठाऊक होतं. घरच्या सुनेवर त्या बाबतीत कोणाचं लक्ष नसतं, हेही ठाऊक होतं.

साडी बदलली, छत्री घेतली. भूषणला म्हटलं, "अंबाडीला जाऊन येते. नुसतं जेवायला."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं. हीच थाप एके काळी तो मला मारायचा.

"माझी ड्युटी संपली," मी ओरडले. खाली लूम चालू असताना आमच्याकडे साधं बोलणंही ओरडूनच होतं. "आता तू ऊठ. नाहीतर राहू दे."

आणि लाइट गेली. खालचे लूम एकदम थांबले. भिवंडीत राहणाऱ्यांना माहीत आहे, ती शांतता कानाला कशी लागते...

त्या शांततेत तो म्हणाला, "बदलीवाला आला नाही अजून."

इतका राग आला मला. म्हटलं, "मग ये ना. कोण अडवतंय तुला?"

तो उठला, पांघरुणासकट. मला वाटलं, छत्री काढून घेईल, दोन शब्द बोलेल... तसलं काही नाही. दारापर्यंत आला आणि दाराला पाठ लावून खाली बसला. "मला काहीच जमत नाहीये, वैशू. इथे बसतो फक्त."

ढकललं असतं तर बाजूला झाला असता, इतका वाळलाय. छत्री धरून मी बराच वेळ उभी होते. मनात बाटलीच होती, खोटं कशाला सांगू. मग पाय दुखायला लागले आणि मीही खाली बसले.

एवढंच झालं. कोणी कोणाला धीर दिला नाही. साडी चुरगळली, दिरांचे फोन वाजत राहिले. लाइट आली, लूम सुरू झाले, तरी आम्ही दाराशीच होतो. घरात त्या दिवशी दिवे लागले नाहीत. चिंच लावलेली समई अजून मोरीत आहे, हिरवी पडलीये...

आता बरं वाटतंय असं लिहिणार नाही, कारण वाटत नाही. श्रावण लागला तरी आभाळ तसंच आहे, आणि पुढचा पावसाळाही यायचाच आहे.

पण आज सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला. भूषण उठून चहा करत होता. साखर टाकायला विसरला. मी तसाच कप संपवला आणि परत जाऊन पडले... आज ड्युटी त्याची आहे.